छाटणीची काडी, दारची वेल

(सामुदायिक रेडिओवर बचत गटांच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)

आम्ही दिंडोरी तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया. आमच्यातल्या बहुतेक जणी द्राक्षाच्या बागेत कामाला जातो. कोणाचं माहेर निफाडचं, कोणाचं वणीचं, तर कोणी पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातून कामासाठी खाली आलेल्या आणि इथंच राहिलेल्या. फेल काढणं, शेंडा मारणं, विरळणी, डिपिंग, घड कापणं, पेटीत भरणं, ही सगळी कामं आमच्या हातून जातात. एवढी वर्षं हे करतो, पण आमच्यातल्या बऱ्याच जणींच्या दारात द्राक्षाची एक वेल नव्हती. दुसऱ्याच्या बागेत हजारो घड विरळायचे आणि पोरांसाठी बाजारातून किलोभर द्राक्षं विकत आणायची, असं चाललं होतं.

आता सप्टेंबर संपत आलाय. पाऊस ओसरला की आपल्याकडे फळ छाटणी सुरू होईल. कोणी तिला गोडी छाटणी म्हणतं, कोणी नुसती ऑक्टोबर छाटणी. त्या दिवशी बागेत घोटाभर काड्यांचा थर पडतो. मजूर त्या गोळा करून बांधाला टाकतात, कुठं जाळतात, कुठं यंत्रात घालून भुगा करतात. आजचं बोलणं त्या पडलेल्या काडीबद्दल आहे. कारण त्यातली प्रत्येक पिकलेली काडी म्हणजे एक होऊ घातलेली वेल आहे. तिला विकत घ्यावं लागत नाही, कलम करणारा बोलवावा लागत नाही.

कोणाला वाटेल, बी लावलं तर? तर आपण खातो त्या थॉमसनला बीच नसतं. आणि बीवाल्या द्राक्षाचं बी लावलं तर आईसारखी वेल येईलच असं नाही, फळ निराळंच निघतं. म्हणून द्राक्ष पहिल्यापासून काडीनेच वाढलं. जगात जिथं जिथं थॉमसन आहे तिथं ती एका काडीची काडी, तिची पुन्हा काडी, अशीच पोचलेली आहे. आपल्या महाराष्ट्राचंच बघा. तासगावकडे वसंतराव आर्वे यांना आपल्या बागेत लांबट मण्याची वेल दिसली, ती त्यांनी वेगळी काढली, तिचं नाव तास-ए-गणेश. सोलापूरजवळ नान्नजला नानासाहेब काळे यांनी सोनाका आणि काळी शरद सीडलेस पुढे आणली. ही शेतकऱ्यांची नजर. एका वेलीवर वेगळं काही दिसलं, तिच्या काड्या घेतल्या, लावल्या, शेजाऱ्यांना दिल्या. तशी नजर आपल्यालाही आहे, मैत्रिणींनो. रोज वेलीखाली उभं राहून काम करणाऱ्या बाईला कोणत्या वेलीचा घड कसा, हे मालकाइतकंच ठाऊक असतं.

म्हणून काडी निवडायचं काम खरं तर ऑक्टोबरात सुरू होत नाही, फेब्रुवारीतच होतं. घड कापताना एखादी वेल मनात भरते. घड भरलेले, मणी गोड, पानावर रोगाचा डाग कमी. त्या वेलीच्या खोडाला एक चिंधी बांधून ठेवायची. पुढे ऑक्टोबरात पानं झडलेली असतात, सगळ्या वेली सारख्याच दिसतात, तेव्हा ती चिंधी कामाला येते. यंदा चिंधी बांधलेली नसेल तर ज्या ओळीचं फळ चांगलं होतं त्या ओळीतली काडी घ्या. आणि मालकाला विचारून घ्या. फेकायच्याच काड्या, विचारायचं कशाला, असं म्हणू नका. काही नव्या परदेशी जातींवर ती जात तयार करणाऱ्यांचे हक्क असतात, मालकानेही लिहून दिलेलं असतं, त्या काड्या तो देऊ शकत नाही. थॉमसन, सोनाका, शरद, गुलाबी, या जुन्या जातींना कोणी नाही म्हणत नाही. दारासाठी जात निवडायची तर आम्ही शरद किंवा सोनाका म्हणू. बिया चालत असतील तर गुलाबीही छान, वासाची असते.

एक गोष्ट जपायची. छाटणी झाली की डोळे एकसारखे फुटावेत म्हणून मागे राहिलेल्या काड्यांना पेस्ट लावतात. त्यात हायड्रोजन सायनामाइड असतं. ते कातडीला आणि डोळ्यांना वाईट. ते काम केलेल्या माणसाने त्या दिवसात दारू घेतली तर जिवावर बेतू शकतं, हे घरातल्या पुरुषांनाही सांगून ठेवा. पेस्ट लावणाऱ्या बाईला हातमोजे मिळालेच पाहिजेत, ते मागायला लाजू नका. आपल्याला काड्या घ्यायच्या त्या पेस्टच्या आधी, छाटणी चालू असतानाच, जमिनीवर पडतील तशा.

आता काडी कशी हवी ते सांगतो. जाडीला पेन्सिलीएवढी. बोटाएवढी जाड नको आणि अगरबत्तीसारखी बारीक तर मुळीच नको. रंग पूर्ण तपकिरी. नखाने साल जराशी खरडली तर आत हिरवीगार, ओलसर दिसली पाहिजे. हिरव्या सालीची कोवळी काडी घेऊ नका, ती कुजते. पडलेल्या तुकड्याचा बुडखा घ्यायचा, शेंडा टाकायचा. कापसासारखं पांढरं काही चिकटलेलं असेल तर ते पिठ्या ढेकणाचं घर असतं, ती काडी बाजूला टाका.

एका काडीला ४ डोळे ठेवायचे, लांबी साधारण ९ ते १० इंच होते. खालचा काप शेवटच्या डोळ्याच्या लगेच खाली, सरळ. वरचा काप सगळ्यात वरच्या डोळ्याच्या बोटभर वर, तिरका. तिरका कशासाठी? पाणी साचत नाही हे एक, आणि दुसरं म्हणजे घरी नेईपर्यंत वरची बाजू कोणती आणि खालची कोणती हे विसरायला होतं. उलटी लावलेली काडी नीट वाढत नाही. तरीही गोंधळ झालाच तर डोळा बघा. डोळ्याच्या खाली पानाच्या देठाची अर्धगोल खूण असते. खूण खाली, डोळा वर, अशी काडी धरली की ती सुलटी.

कात्री धारदार असू द्या, काडी चिरडता कामा नये. काड्यांची जुडी ओल्या गोणपाटात गुंडाळून आणायची, उन्हात पडू द्यायची नाही. घरी आल्यावर रात्रभर बादलीत बुडखे बुडवून ठेवायच्या. लावायला दोन-चार दिवस उशीर होणार असेल तर ओलं गोणपाट सावलीत ठेवा आणि रोज शिंतोडे मारा. मुळ्या फुटायची पावडर दुकानात मिळते. लावली तर हरकत नाही, पण द्राक्ष हे मुळी धरणारं झाड आहे, पावडरीवाचूनही धरतं. त्यासाठी पैसे घालवू नका असं आमचं मत.

पिशवीला खर्च नको. तेलाच्या ५ लिटरच्या पिशव्या, सिमेंटच्या गोणीचे शिवलेले तुकडे, जुना डबा, काहीही चालेल. फक्त एक वीतभर खोली हवी आणि बुडाला भोकं हवीत. माती मात्र विचार करून भरा. आपली नुसती काळी माती भरली तर पाणी धरून बसते आणि काडी खालून काळी पडते. एक पाटी पोयटा, एक पाटी वाळू, एक पाटी पूर्ण कुजलेलं शेणखत. शेणखत कच्चं असेल तर वाळवी येते. काडी सरळ उभी खुपसा, २ डोळे मातीत, २ डोळे वर. भोवतीची माती अंगठ्याने दाबून घट्ट करा, काडीशेजारी पोकळी राहिली तर तिथं मुळी धरत नाही. पाणी द्या आणि पिशव्या अर्ध्या सावलीत ठेवा, पत्र्याच्या पडवीच्या कडेला किंवा शेवग्याखाली.

इथून पुढचं जरा नीट ऐका, कारण सगळ्यात जास्त काड्या इथंच मरतात.

दहा-पंधरा दिवसांत डोळे फुटतात. गुलाबीसर, मखमली पान बाहेर येतं. घरात आनंदीआनंद होतो. सासूबाई शेजारणीला बोलावून दाखवतात. आणि तेव्हा खाली एकही मुळी नसते. ते पान काडीत साठलेल्या अन्नावर आलेलं असतं. लेकरू जसं माहेरहून बांधून दिलेल्या डब्यावर दोन दिवस काढतं तसं. मुळ्या यायला महिना ते दीड महिना लागतो. खालच्या कापाजवळ आधी पांढरी गाठ येते, मग त्या गाठीतून आणि खालच्या डोळ्याच्या पेरातून मुळ्या निघतात. या मधल्या काळात पान फुटलं म्हणून कोणी पिशवी उन्हात ठेवतं, कोणी खत घालतं, कोणी मुळी आली का बघायला काडी हलवून उपटून बघतं. उपटलेली काडी पुन्हा खुपसली तरी आलेली कोवळी मुळी तुटलेलीच असते. घरातल्या पोरांना आधीच सांगून ठेवा: बघायचं डोळ्यांनी, हाताने नाही.

मग मुळी आली हे ओळखायचं कसं? पहिली दोन-तीन पानं आल्यावर वाढ थांबल्यासारखी होते, पानं मलूल दिसतात. तेव्हा घाबरायचं नाही आणि जादा पाणीही घालायचं नाही. माती बोटाने चाचपून कोरडी वाटली तरच पाणी. काही दिवसांनी नवा शेंडा पुन्हा जोराने निघाला, पेरं लांब पडू लागली, तर समजा खाली मुळी धरली. काही काड्या त्या मलूल अवस्थेतच वाळतात. दहा लावल्या तर दहाच्या दहा जगत नाहीत, म्हणून एक वेल हवी असेल तर सहा-सात काड्या लावाव्यात. उरल्या तर गटात वाटायला होतात.

डिसेंबरात निफाडची थंडी दरवर्षी पेपरात येते, ती काही आपल्याला नवी नाही. त्या दिवसांत काडी गप्प बसते. पिशव्या दक्षिणेकडच्या भिंतीला लावून ठेवा, दुपारचं कोवळं ऊन मिळू द्या, पाणी संध्याकाळी न देता सकाळी द्या. फेब्रुवारीत ऊब आली की रोप पळायला लागतं, आणि तेव्हाच ते जमिनीत लावायचं.

जागा बघताना पहिला प्रश्न उन्हाचा. दिवसाचे ६-७ तास ऊन वेलीवर यायला हवं. दाट चिंचेखाली, उत्तरेच्या भिंतीला वेल जगेल, पण घड देणार नाही. दुसरा प्रश्न विजेच्या तारेचा. खांबावरून घरात येणाऱ्या तारेच्या आसपास मांडव करायचा नाही, वेलीचे ताणे कशालाही धरतात. भिंतीपासून दोन हात लांब, २ फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या. आधीपासून खणून उन्हात तापू द्या. खालून कुजलेलं शेणखत, त्यात किलोभर निंबोळी पेंड, वरून चांगली माती.

तिसरा प्रश्न पाण्याचा, आणि हा मोठा आहे. अंगणातली झाडं आपण धुण्या-भांड्याच्या पाण्यावर जगवतो. केळीला, अळूला ते चालतं. द्राक्षाला साबणाचं, सोड्याचं, खारट पाणी सोसत नाही. पानांच्या कडा भाजल्यासारख्या होतात, मग पानं गळतात. पूर्वी, नव्वदच्या दशकापर्यंत, आपल्याकडच्या बहुतेक बागा अशाच काडीच्या स्वतःच्या मुळांवर असत. पाणी कमी झालं, बोअरचं पाणी खारट होत गेलं, तेव्हा बागायतदारांनी डॉगरीजचे खुंट आणले. डॉगरीज ही मूळची अमेरिकेतल्या टेक्सासकडची रानद्राक्षाची वेल, खारट पाणी आणि पाण्याचा ताण सोसणारी. आता बागेत आधी डॉगरीज लावतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात त्यावर आपल्या जातीचं कलम करतात. म्हणून, तुमच्या घरचं पाणी गोडं असेल तर काडीची वेल खुशाल लावा. बोअरचं पाणी पिताना खारट लागत असेल, भांड्यांवर पांढरे डाग पडत असतील, तर डॉगरीजचं एखादं रोप मिळवा आणि कलम बांधणाऱ्या माणसाकडून आपल्या आवडीची काडी त्यावर बांधून घ्या. एका वेलीला आठवड्यातून दोनदा दोन-तीन हंडे चांगलं पाणी उन्हाळ्यात पुरतं. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी दिलं तरी चालेल.

रोप लावलं की एकच फूट ठेवायची. हे ऐकायला सोपं, करायला अवघड. चार फुटी जोमाने आलेल्या असतात आणि त्यातल्या तीन आपल्याच हाताने खुडायच्या असतात. बागेत रोज खुडतो, तिथं हात थरथरत नाही, पण दारच्या वेलीला हात लावताना जीव खालीवर होतो. तरी खुडा. सरळ, जोमदार फूट एक, तिला बांबूचा आधार, दर वीतभर अंतरावर सुतळीने सैल बांधायचं. बगलफुटी निघतील त्या लहानपणीच काढा. मांडवापर्यंत, म्हणजे डोक्याच्या वर हातभर, गेली की शेंडा मारा. मग वरून ज्या फुटी येतील त्यातल्या दोन दोन्ही बाजूंना तारेवर वळवा. ते झाले ओलांडे. ओलांडा आणि खोड हे वेलीचं कायमचं घर, ते पंधरा-वीस वर्षं टिकतं. मांडवाला लोखंडी अँगलच हवेत असं नाही. जाड बांबू किंवा कडुनिंबाचे मेढे आणि चांगली जाड तार पुरते. पण घड लागल्यावर ओझं बरंच होतं, म्हणून मेढ दोन फूट जमिनीत गाडा.

आता एक तक्रार घेऊ, ती पुष्कळ घरांत ऐकू येते. वेल मांडवभर झाली, पाला तर इतका की खाली अंधार, आणि घड मात्र एक नाही. मग लोक म्हणतात, वेल वांझ निघाली. बागेतही बिनघडाच्या फुटीला वांझ फूटच म्हणतात, धंद्यातला शब्द आहे तो. आमच्या गटात एक काकू आहेत, त्यांच्यासमोर हा शब्द काढायची सोय नाही. त्या म्हणतात, "तिला एप्रिलात कोणी छाटलं होतं का, ते आधी विचार." आणि काकूंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे.

थंड देशांत हिवाळ्यात बर्फ पडतो, वेल आपोआप झोपते, वर्षातून एकदा छाटली की झालं. आपल्याकडे वेल झोपतच नाही, बारा महिने हिरवी राहते. म्हणून तिला दोनदा छाटावं लागतं. पहिली एप्रिलची खरड छाटणी. ओलांड्यावरच्या सगळ्या काड्या बुडाशी एक-दोन डोळे ठेवून कापून टाकायच्या. वेल उघडी बोडकी दिसते. शेजारी म्हणतात, मारली वेल. पण त्यानंतर ज्या नव्या फुटी येतात त्यांच्या डोळ्यांत पुढच्या वर्षीचा घड तयार होतो. छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवस हे काम डोळ्याच्या आत चालतं. त्या डोळ्यात एकच बारीक कोंब असतो. त्याला ऊन आणि अन्न नीट मिळालं तर त्याचा घड होतो, न मिळालं तर त्याचाच ताणा होतो, म्हणजे आपण बाळी म्हणतो ती. ताणा आणि घड ही सख्खी भावंडं. कधीकधी ताण्याच्या टोकाला दोन-चार मणी लटकलेले दिसतात ना, ते यामुळेच.

तेव्हा मे-जूनमध्ये पाला दाट ठेवायचा नाही. दर वीतभर अंतरावर एक काडी ठेवा, बाकीच्या काढा. फूट ७-८ पानांची झाली की शेंडा मारा. पुढची बगलफूट वाढू द्या. ऊन प्रत्येक काडीच्या बुडापर्यंत पोचलं पाहिजे. मांडवाखाली जमिनीवर उन्हाचे ठिपके पडले तर समजा बरोबर आहे. एप्रिलातच दोन पाट्या शेणखत द्या.

दुसरी छाटणी ऑक्टोबरची. त्या पिकलेल्या काडीवर ६ ते ८ डोळे ठेवून पुढचा भाग कापायचा. थॉमसनसारख्या जातींत बुडाजवळच्या डोळ्यांत बहुधा घड नसतो, म्हणून फार आखूड कापू नये. शेंडा मारलेल्या जागी गाठ असते, तिच्या एक-दोन डोळे पुढे कापलं की बहुतेक जमतं. घरच्या वेलीला पेस्ट लावायची नाही, तिथं पोरं खेळतात. पेस्ट नसली की टोकाचाच डोळा आधी फुटतो आणि मधले झोपून राहतात. त्यावर उपाय जुना आहे. काडी हळूच कमानीसारखी वाकवून तारेला बांधा, मग मधले डोळेही जागे होतात.

काडी मातीत लावल्यापासून पहिले नीट घड हाती यायला साधारण अडीच वर्षं जातात. म्हणजे यंदाच्या ऑक्टोबरात लावली तर पुढची फेब्रुवारी रोप लावायची, त्यापुढची नुसती मांडव धरायची, आणि तिच्या पुढची फेब्रुवारी घडांची. मध्येच एखादा घड आला तर खुडून टाका, वेलीला अजून अंग धरायचंय. पहिल्या बहाराला आठ-दहा घडांवर ठेवू नका.

दारचं द्राक्ष बाजारासारखं लांब आणि टपोरं होणार नाही, हे आधीच सांगतो. बाजारातला मणी जिब्रेलिक अ‍ॅसिडच्या पाण्यात घड बुडवून वाढवलेला असतो. ते डिपिंग आपणच करतो, आपल्याला माहीत आहे. घरचा मणी लहान आणि जरा गोलसर राहतो, साल पातळ असते. एक काम मात्र बागेसारखंच करा, विरळणी. मणी मुगाएवढा झाला की बारीक कात्रीने तिसरा हिस्सा मणी काढून टाका. या कामाला बागायतदार आपल्याला मजुरी देतात, तेच कसब घरी वापरायचं. घड पिकताना जुन्या सुती साडीचा तुकडा भोवती सैल बांधा, म्हणजे पाखरं आणि गांधीलमाशी लागत नाहीत. आणि तोडायची घाई नको. आंबा आढीत पिकतो, द्राक्ष वेलीवरून काढलं की होतं तेवढंच गोड राहतं. घडाच्या अगदी खालच्या टोकाचा मणी चाखा. तो सगळ्यात उशिरा गोड होतो. तो गोड लागला की घड तयार.

रोगाचं म्हणाल तर तीन नावं तुम्हाला पाठ आहेत: डाऊनी, भुरी, करपा. दारची वेल चुलीजवळ, पाण्याच्या हंड्याजवळ असते, तिथं बागेतली औषधं आणून मारू नका. बागेतून उरलेलं औषध बाटलीत भरून घरी आणायची सवय काही जणींना आहे, ती आजच सोडा. पाला मोकळा ठेवा, गळलेली पानं रोज झाडून खड्ड्यात पुरा, डाग पडलेलं पान दिसताच खुडा. एवढ्यावर अर्धं काम होतं. छाटणी झाल्यावर उघड्या वेलीवर एकदा बोर्डो मिश्रण मारा. १ लिटर पाण्याला १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवा, चुना निवू द्या, गाळा, मग चुन्याच्या पाण्यात मोरचुदाचं पाणी ढवळत ओता. त्यात लोखंडी खिळा घालून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना आणखी थोडा घाला. तयार केलं त्याच दिवशी संपवा. कोवळ्या पानांवर मारायचं असेल तर मोरचूद आणि चुना दोन्ही निम्मे. मोरचूद निळं सुंदर दिसतं, लहान मुलं खडीसाखर समजून तोंडात घालतील, म्हणून डबा उंच ठेवा. मणी पिकायला लागल्यावर काही मारू नका.

फोनवर आलेले दोन प्रश्न राहिलेत.

सुरगाण्याच्या एका ताईंनी विचारलंय की आमच्याकडे पाऊस फार, वेल टिकेल का. ताई, टिकते, पण पावसाच्या सरी थेट पानावर नकोत, डाऊनी तिथूनच येतो. वेल वळचणीखाली घ्या किंवा मांडवाच्या वर जुलै-ऑगस्टपुरता पारदर्शक प्लास्टिकचा कागद टाका, दोन्ही बाजू वाऱ्याला उघड्या ठेवा. खोडाशी पाणी साचू नये म्हणून मातीचा उंचवटा करून त्यावर रोप लावा. आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्याआधी छाटू नका. परतीचा पाऊस कोवळ्या फुटीवर आला तर सगळं काळं पडतं.

दुसरा प्रश्न मोहाडीकडच्या एका गटाचा. काड्यांची रोपं करून विकली तर गटाला उत्पन्न होईल का? होईल, पण आधी परवाना. फळझाडांची रोपं विकायला आपल्या राज्यात १९६९ पासून कायदा आहे, रोपवाटिकेची नोंद कृषी विभागाकडे करावी लागते. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे गटाच्या नावाने अर्ज करा. कोणत्या जातीची काडी, कोणत्या बागेतली, कोणत्या तारखेला घेतली, याची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. काडीच्या जुडीला त्याच नावाची चिठ्ठी बांधा, कारण पानं नसलेल्या शरद आणि सोनाकाच्या काड्या एकत्र झाल्या की पुढे घड येईपर्यंत कोणालाही ओळखता येणार नाहीत. आणि आपसात, शेजारणीला, लेकीला द्यायची असेल तर परवान्याची गरज नाही.